पाहुणे किती घ्यायचे, ते मे महिन्यातल्या झऱ्याला विचारा

पत्र: आमची वाडी जावळी तालुक्यात, कासच्या पठाराच्या उतरणीला. सासऱ्यांच्या नावावर तीन एकर जमीन आहे. एक एकर भाताची खाचरं, बाकी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. दोन म्हशी, एक गाय. हे पुण्याची नोकरी सोडून गावी आले, तेव्हा जुन्या घराशेजारी आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. बरं चाललंय. आता चुलत दीर म्हणतात, अजून चार कॉटेज बांधू, स्विमिंग पूल टाकू, २० लाखांच्या कर्जाचं मी बघतो. पाहुणेही फोनवर आधी पूल आहे का तेच विचारतात. पण मे महिन्यात वाडीचा झरा इतका बारीक होतो की २० लिटरची बादली भरायला पाच मिनिटं लागतात. वाडीत १५ घरं, सत्तरेक माणसं, वीस जनावरं. गेल्या उन्हाळ्यात पाण्यावरून शेजारणीशी बोलाचाली झाली. सासूबाई म्हणतात, हे सगळं बंद करा, माझ्याच्यानं आता एवढ्या भाकऱ्या होत नाहीत. मला बंद करायचं नाही, पण गावाला आणि रानाला ओरबाडून चार पैसेही मिळवायचे नाहीत. काय करू?
— एक वाचक, जावळी

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ती बादली. ती तुम्ही मोजली, म्हणून मला नेमकं काही सांगता येतंय. आधी तिचाच हिशोब करू.

वीस लिटरला पाच मिनिटं, म्हणजे मिनिटाला चार लिटर. तासाला २४०, दिवसरात्र मिळून ५,७६० लिटर. तेही रात्रीचं पाणी टाकीत अडवलं तर. नाहीतर अर्ध्याहून जास्त ओहोळाला जातं. यातून वाडीचा वाटा आधी बाजूला काढा. जलजीवन मिशननं खेड्यात माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत. सत्तर माणसांचे झाले ३,८५०. उन्हाळ्यात एका मोठ्या जनावराला पन्नासेक लिटर लागतं, वीस जनावरांचे १,०००. उरले ९१० लिटर. शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी १३५ लिटर धरून आखतात, आणि पुण्या-मुंबईचा माणूस तुमच्या वाडीत आला तरी नळ त्याच सवयीनं सोडतो. ९१० लिटरमध्ये अशी सहा माणसं बसतात, सातवं बसत नाही.

म्हणजे आज ज्या दोन खोल्या आहेत, त्या तिघा-तिघांनी भरल्या की मे महिन्यातला झरा संपला. शेजारीण भांडली ती उगाच नाही. तिच्या हंड्याला उशीर होतोय आणि तो का होतोय, हे तिला रोज दिसतंय. आणखी चार कॉटेज म्हणजे आणखी बारा माणसं, आणखी १,६२० लिटर. एवढं पाणी त्या डोंगरात मे महिन्यात नाही. मग टँकर आणायचा, आणि टँकर दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या विहिरीवरच भरतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: पाहुण्यांची संख्या मे महिन्यातल्या पाण्यावरून ठरवा आणि तीच वर्षभर पाळा. सप्टेंबरात, पठार फुललेलं असताना, माणसं दारात उभी राहतील आणि पाणीही भरपूर असेल, तेव्हा हा आकडा ओलांडायचा मोह होईल. पण सप्टेंबरसाठी बांधलेली खोली मे महिन्यात रिकामी ठेवायला फार जड जातं. शेजारच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली आहे. पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दीनं फुलं तुडवली जायला लागली, त्यानंतर हे करावं लागलं. तुम्हाला ही मर्यादा आधीच घालून घेता येईल.

झरा कुठून येतो, हेही नीट समजून घ्या, कारण बांधकामाचे निम्मे निर्णय त्यावर ठरतात. पठारावर वर जांभा दगड आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकणमातीचा थर आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी त्या थरावर अडतं आणि उताराला जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर पडतं. तुमच्या झऱ्याचं पाणी म्हणजे वरच्या जांभ्यानं चार महिने प्यायलेलं आणि आठ महिने थोडं थोडं सोडलेलं पाणी. तेव्हा झऱ्याच्या वरच्या अंगाला जेसीबी लावून सपाटी करायची नाही, गाड्या लावायला मुरूम पसरायचा नाही, तणनाशक मारायचं नाही. गाड्या खाली रस्त्यालाच थांबू द्या. सामान न्यायला वाडीतल्या एखाद्या मुलाला दिवसाचे पैसे द्या.

संडासाचंही हेच. सेप्टिक टँकचा शोषखड्डा पाण्याच्या जागेपासून किमान १५ मीटर लांब असावा, असा साधारण नियम आहे. जांभ्यात पाणी झपाट्यानं झिरपतं, म्हणून तुम्ही १५ मीटरवर समाधान मानू नका. खड्डा झऱ्याच्या खालच्या अंगालाच आणि जमेल तितका लांब घ्या. आताचा खड्डा वरच्या बाजूला असेल, तर नव्या खोलीचा विचार करण्याआधी तो हलवा आणि झऱ्याचं पाणी पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा तपासून घ्या. मोरीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगळं काढून, आधी वाळू-खडीच्या गाळणी खड्ड्यातून आणि मग कर्दळ, अळू, केळीच्या वाफ्यात सोडा. भांड्यांना राख किंवा साधा साबण पुरतो. ॲसिडच्या बाटल्या मात्र संडासात ओतू नका, सेप्टिक टँकमधले जिवाणू त्यानं मरतात आणि मैला न कुजता तसाच पुढे जातो.

आता पूल. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, कमरेएवढा, सव्वा मीटरच्या आत खोल, असा छोटा पूल धरला तरी त्यात ३८,००० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरा, म्हणजे दिवसाला १९० लिटर. तुमच्या वाडीतल्या तीन माणसांचं रोजचं पाणी नुसतं वाफ होऊन जाणार. वर क्लोरिन घातलेलं पाणी बदलताना ते तुमच्याच खाचरात उतरणार.

त्याऐवजी एक टाकी बांधा. फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेली, पाच मीटर व्यासाची, अडीच मीटर उंच. तिच्यात ४९-५० हजार लिटर पाणी मावतं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. जुनं घर आणि दोन खोल्या मिळून १२० चौरस मीटर छप्पर असेल, तर १,००० मिलिमीटर पावसात, गळती-उडती वजा जाता, ९५ हजार लिटर पाणी मिळतं, आणि तुमच्याकडे पाऊस त्याच्या दुप्पट पडतो. पन्हाळी लावा, पहिल्या दोन-चार पावसांचं पाणी कौलं धुऊन वाहून जाऊ द्या, मग टाकीत सोडा. टाकीला झाकण पक्कं हवं, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. उतारावरची जागा आहे, तेव्हा पाया मात्र जाणत्या अभियंत्याला दाखवूनच घ्या; ५० हजार लिटर म्हणजे ५० टन वजन आहे. ही टाकी मार्चअखेरपर्यंत हात न लावता भरलेली ठेवायची. सहा पाहुण्यांचे दिवसाला ८१० लिटर धरले, तर एप्रिल आणि मे दोन्ही महिने तिच्यावर निघतात. झऱ्याच्या थेंबालाही हात लावावा लागत नाही. वाडीला तुम्ही हे दाखवून देऊ शकलात, तर पाण्याचा वाद आपोआप मिटेल.

शॉवर काढून टाका आणि बादली-तांब्या ठेवा. माणशी खर्च १३५ वरून १०० लिटरवर सहज येतो आणि तेवढ्याच टाकीत आठ माणसं बसतात. म्हणजे टाकी झाल्यावर आणखी एक खोली बांधता येईल, चार नाही. आंघोळीचं पाणी तापवायला उन्हाळ्या-हिवाळ्यात छपरावरचा सौर बंब चालतो. पावसाळ्यात आठवडाच्या आठवडा ऊन पडत नाही, तेव्हा जुना तांब्याचा बंब हवाच, पण त्यात झाडाच्या वाळक्या काटक्या आणि शेतातला काटका-कचराच घाला. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी रानातला हिरडा-जांभूळ तोडला जाऊ नये.

दिरांशी बोलताना पाण्यासोबत पैशांचाही कागद पुढे ठेवा. वर्षात ५२ शनिवार-रविवार. भातलावणी, मुसळधार पावसाचे आठवडे, सणवार वगळून त्यातले ३० भरतात असं धरा. दोन रात्री, सहा माणसं, म्हणजे वर्षाला ३६० मुक्काम. जेवणासह माणशी १,२०० रुपये धरले तर ४ लाख ३२ हजार. निम्मे जेवण, मजुरी, दुरुस्तीत जातात; हातात २ लाख १६ हजार. वीस लाखांच्या कर्जावर ११ टक्क्यांनी पहिल्या वर्षीचं नुसतं व्याज होतं २ लाख २० हजार. म्हणजे आजची सगळी कमाई व्याजात गेली, मुद्दल तसंच. दीर म्हणतील, खोल्या तिप्पट झाल्या की कमाईही तिप्पट होईल. पण शनिवार-रविवार तेवढेच राहतात, उन्हाळ्यात पाणी विकत आणावं लागतं, आणि कासच्या रस्त्याला पूल असलेल्या जागा आधीच पुष्कळ आहेत. त्यांच्याशी पुलावरून चढाओढ करून तुम्ही जिंकणार नाही. दीर वाईट मनानं सांगत नाहीत, हे मला मान्य आहे. त्यांना टाकीच्या खर्चात भागीदार करून घ्या. तो खर्च वीस लाखांच्या आसपासही जात नाही.

सासूबाईंचं म्हणणं पाहुण्यांच्या कौतुकाखाली दाबू नका. सहा पाहुणे आणि घरची माणसं, दोन वेळच्या मिळून तीस-चाळीस भाकऱ्या होतात. धुरासमोर बसून, सत्तरीच्या आसपासच्या बाईनं, शनिवारी-रविवारी, तेही फुकट. बाहेरून येणाऱ्या माणसाला "आजींच्या हातची भाकरी" फार गोड वाटते, आणि आजींचे खांदे रात्री ठणकतात. वाडीतल्या दोन बायकांना रोजानं लावा, ज्या दिवशी पाहुणे त्या दिवशी. मजुरी रोखीनं आणि त्याच संध्याकाळी द्या. त्यातली एक जर ती शेजारीण असेल, तर फारच उत्तम. सासूबाईंनी चव बघावी, मीठ-मसाला सांगावा, वाटलं तर पाहुण्यांपाशी बसावं, नाही वाटलं तर बसू नये. तुमची स्वतःचीही मजुरी वहीत मांडा. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरले की कुठलाही धंदा नफ्यात दिसतो. आणि सोमवार-मंगळवार, लावणीचे पंधरा दिवस, गावची यात्रा, एवढं बंद म्हणजे बंद.

चुलीसोबत गोबर गॅस बसवा. दोन म्हशी आणि गाय मिळून दिवसाला ४० किलोच्या आसपास शेण देतात. पंचवीस किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस धरला, तर दीडेक घनमीटर. स्वयंपाकाच्या गॅसच्या भाषेत महिन्याला एका घरगुती सिलिंडरहून थोडा जास्त. थंडीत गॅस कमी सुटतो, तेव्हा पूर्ण भरवसा ठेवू नका. पण चहा, भात, आमटी त्यावर निघते आणि धुरासमोरचा वेळ निम्मा होतो. एक लक्षात असू द्या, घरगुती लाल सिलिंडर पाहुण्यांच्या स्वयंपाकाला वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच लागतो. गोबर गॅसची मळी परसबागेला आणि खाचराला जाते, त्यामुळे शेणखताचं नुकसान होत नाही.

शेतीबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंय, आणि मला भीती आहे ती हीच की पाहुण्यांच्या नादात खाचरं पडीक राहतील. ३६० मुक्कामांना माणशी २०० ग्रॅम तांदूळ धरला, तर वर्षभराचे होतात ७२ किलो. तुमच्या एका एकरातून निघणाऱ्या भाताच्या मानानं हे काहीच नाही. म्हणजे पाहुण्यांना आणि घराला पुरून उरेल एवढा तांदूळ तुमच्याकडे आहे, आणि तो व्यापाऱ्याच्या भावानं देण्यापेक्षा निघताना पाहुण्याच्या डिकीत पाच-पाच किलो घालता येतो. नाचणी, वरई, घेवडा, सगळं असंच. वरकस जमिनीत नाचणी ठेवाच, पाणी लागत नाही आणि आता शहरात तिला मागणी आहे. दोन-चार गुंठे स्ट्रॉबेरी लावायचा मोह झाला तर लावा, मुलांना तोडायला आवडते. पण प्लास्टिकचं आच्छादन आणि फवारण्या तिच्यामागे येतात, तेवढं धरून चला. गवे आणि रानडुकरं येतच असणार. खाचराभोवती सौर झटका कुंपण घाला, आणि नुकसान झालं की वनखात्याकडे पंचनाम्याचा अर्ज लगेच द्या, दोन आठवड्यांनी नाही.

जेवणाचं ताट शेत ठरवेल. पावसाच्या तोंडाला टाकळा, कुर्डू, भारंगी. भादव्यात काकडी, दोडका, पडवळ. थंडीत पावटा, घेवडा. उन्हाळ्यात कडधान्यं, फणस, करवंदं. पनीरची भाजी मागणाऱ्याला सरळ सांगा की ती आमच्याकडे होत नाही. साताऱ्याच्या मंडईतून पिशव्या भरून आणायच्या असतील, तर पाहुण्यांनी तुमच्याकडे का यावं?

दिवे कमी करा. मेअखेर ते जूनमध्ये तुमच्याकडे काजवे येतात. अंगणातला पांढरा हॅलोजन त्यांचं एकमेकांना खुणावणं बंद पाडतो. पडवीत खाली तोंड केलेला एक पिवळा बल्ब पुरे, नऊ वाजता तोही बंद. मोठ्या आवाजाच्या गाण्यांना रात्री दहानंतर तर कायद्यानंच बंदी आहे, तुमच्याकडे दिवसाही नको. पाहुण्यांनी आणलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं त्यांनीच परत न्यायची. वाडीत घंटागाडी येत नसेल तर तो कचरा शेवटी ओढ्यातच जातो किंवा जाळला जातो. पांघरायला माण किंवा आटपाडीकडची घोंगडी आणा. महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात, आणि पैसे आपल्याच भागातल्या विणकराकडे जातात.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असल्यानं त्यांची लेखी संमती लागेल, पण केंद्र तुमच्या नावावर नोंदवा आणि बँकेतलं खातंही तुमचंच ठेवा. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वेगळी. तिसऱ्या खोलीचा पाया खणण्याआधी ग्रामपंचायत आणि तहसील, दोन्हीकडे विचारा. सातारा, जावळी, पाटणच्या अनेक डोंगरी गावांसाठी नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पात रस्ते विकास महामंडळ हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे, आणि पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचाही प्रश्न आहे. तुमचं गाव कशात येतं ते लेखी घ्या. "सगळेच बांधतात" या भरवशावर बांधलेल्या खोलीला उद्या नोटीस आली, तर कर्ज तुमच्या गळ्यात राहील.

फोनवर पूल विचारणाऱ्याला एका दमात सांगा: पूल नाही, शॉवर नाही, बादलीभर गरम पाणी आहे, जेवण शेतातलं आहे, सहाच माणसं घेतो, रात्री नऊला दिवे बंद. पुष्कळजण फोन ठेवतील, ठेवू द्या. जे येतो म्हणतील त्यांना हेच सगळं मेसेजवर लिहून पाठवा, निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि गाडी खाली रस्त्याला लावायची आहे हे त्यात विसरू नका.